जोडघर विकणे आहे

१

रविवारची जेवणं झाली की रत्नदीप खुंटीवरची किल्ली घ्यायचा आणि ओसरीवर येऊन बसायचा. घर बघायला येणारे लोक सांगितलेल्या वेळेला कधीच यायचे नाहीत. आले की तो आधी आपलं घर दाखवायचा, मग चपला घालून शेजारचं कुलूप काढायचा, तेही दाखवायचा, लोकांना गल्लीच्या तोंडापर्यंत सोडून यायचा आणि आल्या आल्या बायकोकडं पाणी मागायचा. उन्हाळा लागल्यापासून हे असंच चाललं होतं.

घर तसं एकच. सोलापुरातल्या एका बंद पडलेल्या गिरणीच्या मागं, गिरणीनंच कधीकाळी दोन कुटुंबांसाठी बांधलेलं. काळ्या दगडाचं जोतं एक, छप्पर एक, आणि मधोमध हातभर जाडीची भिंत. बांधणाऱ्यानं कागद दुमडून कापावा तसं ते बांधलं होतं. इकडं आत शिरलं की डाव्या हाताला स्वयंपाकघर, तिकडं उजव्या. इकडची न्हाणी त्या कोपऱ्यात, तर तिकडची ह्या. गल्लीत त्याला जोडघर म्हणत. समोर तेलुगू बोलणारी विणकरांची घरं, कोपऱ्यावर मुसलमानांची, मागच्या अंगाला बौद्धांची वस्ती. नळाला पाणी आलं की तीन-चार भाषांत भांडणं चालायची, आणि बाकी सगळा वेळ यंत्रमागांची खटखट.

अलीकडचा भाग रत्नदीपच्या वडिलांचा, त्रिंबकरावांचा. ते गेल्यावर तो आई मीनाबाईंच्या नावावर आला. पलीकडचा भाग शरणबसव म्हणून त्यांच्या गिरणीतल्याच सोबत्याचा. तेही गेले, आणि त्यांची बायको सुंदरम्मा अक्कलकोटला मुलाकडं राहायला गेली. तेव्हापासून तो भाग बंद होता. इकडं मीनाबाईंचे गुडघे गेले, ओसरीची उंच पायरी त्यांना चढवेना, पावसाळ्यात छप्पर गळायचं. दोन्ही घरांनी ठरवलं, एकदमच विकू. गल्लीच्या तोंडाशी पाटी लागली.

टेंभुर्णीचे कुमार म्हणून एक ट्रकवाले बघायला आले, त्या दिवसापासून सुरुवात झाली असं रत्नदीपच्या बायकोला, प्रतिक्षाला, पुढं वाटत राहिलं. बरोबर त्यांची बायको राजनंदिनी होती. दोन्हीकडं बघून ते परत ओसरीवर टेकले.

"जागा पटली दादा," कुमार म्हणाले. "पर तिकडचे भाडेकरू कवा उठवणार?"

"कुठले भाडेकरू? कधीचं बंद हाय की ते."

"आवो, आत कुनीतरी शेंगा कुटतंय. मी सोयपाकघरात हुबा हुतो. पायाजवळनं आवाज येत हुता."

रत्नदीप हसला. "आमची मंडळी कुटतीय. भिंत एकच, आवाज पलीकडं जातो."

प्रतिक्षा खरंच शेंगदाण्याची चटणी कुटत बसली होती. ती हात पुसत बाहेर आली, सगळे हसले. राजनंदिनी मात्र हसली नाही.

"वास बी आला मला," ती म्हणाली. "लसणाचा."

प्रतिक्षानं मान डोलावली आणि पाण्याचे पेले उचलून आत गेली. उखळात नुसते दाणे आणि तिखट होतं. लसूण अजून सोलायचाच होता.

२

पुढच्या खेपेला कुमार मोजमाप घ्यायला माणूस घेऊन आले. मोजून झालं, ते गेले. रत्नदीप खिडक्या लावायला म्हणून पलीकडंच थांबला.

प्रतिक्षा मधल्या खोलीत भिंतीलगतच्या खाटेवर बसून कपड्यांच्या घड्या घालत होती. ती एका खासगी दवाखान्यात नर्स होती, आणि आठवड्याचे धुतलेले कपडे रविवारीच आवरायचे होते. माग बंद होते. गल्ली शांत होती.

"प्रतिक्षा, टॉवेल दे की गं."

आवाज भिंतीतून आला. रत्नदीपचाच, रोज न्हाणीतून यायचा तसा, जरा घोगरा, घाईतला. तिला हसू आलं. रिकाम्या घरात एकटा उभा राहून चेष्टा करतोय. तिनं भिंतीवर थाप मारली. "घरी येऊन घ्या," ती मोठ्यानं म्हणाली.

मग पाणी ओतल्याचा आवाज आला. तांब्यानं, अंगावर, भराभर. पलीकडचं नळाचं कनेक्शन केव्हाच तोडलेलं होतं.

घडी अर्धवट टाकून ती उठली, तेवढ्यात रत्नदीप पुढच्या दारानं आत आला. अंग कोरडं, सदऱ्याच्या बाहीला जळमट. चपला काढून तो सरळ उजवीकडं वळला आणि मधल्या भिंतीवर जाऊन आपटला. चांगला आवाज झाला. खुर्चीत बसलेल्या मीनाबाई खुदकन हसल्या.

"डोळं कुटं हायत रं तुजं?"

तो हसला नाही. जिथं कपाळ आपटलं तिथं त्यानं तळहात ठेवला आणि दार चाचपावं तसा तो सावकाश फिरवला. मग वळून प्रतिक्षाकडं बघत राहिला. बसमध्ये शेजारी येऊन बसलेल्या बाईकडं माणूस बघतो, तसं. लगेच नजर खाली घातली.

"पाणी देता का जरा?" तो म्हणाला.

लग्नाला इतकी वर्षं झाली, त्यानं तिला कधी "देता का" म्हटलं नव्हतं. चेष्टा अजून चालू आहे असं समजून तिनं पेला पुढं केला. त्यानं डाव्या हातानं घेतला.

३

माणूस थकतो, चुकतो. प्रतिक्षानं स्वतःला हेच सांगितलं. पण चुका एकाच बाजूच्या होत्या.

बरणीचं झाकण उघडायला गेला की तो ते आणखी आवळायचा. भांग दुसऱ्या बाजूला पाडू लागला. घड्याळ उजव्या मनगटात. फोन अंगठ्यानं उघडेना, तर म्हणाला, हाताला ग्रीस आहे. सकाळचा पेपर वाचायचा सोडला. डोळे दुखतात म्हणाला. पण एकदा ती दवाखान्यातून लवकर आली तेव्हा तो पेपर आरशासमोर धरून उभा होता. तिला बघून त्यानं तो खाली घेतला आणि घडी घातली.

सात रस्ता चौकाजवळ त्याचं मोटर वाइंडिंगचं छोटं दुकान होतं. जळालेल्या मोटरींची तार काढून नवी भरायची, हे काम तो डोळे मिटून करायचा. तिथंही तक्रारी सुरू झाल्या. एक शेतकरी पंप घेऊन थेट घरी आला.

"दादा, मोटर उलटी फिरतीय. पाणी वर चढंना."

रत्नदीपनं पंप ठेवून घेतला. त्यानंतर तो दुकानात कमीच जाऊ लागला.

प्रतिक्षाच्या मनात पहिली शंका आली ती मेंदूची. बारीकसा झटका येऊन गेला असेल, अशी माणसं तिनं वॉर्डात बघितली होती. रविवारी दुपारी तो खाटेवर झोपलेला असताना तिनं हळूच त्याच्या छातीवर हात ठेवला. हाताखाली काही लागेना. तिनं कान लावला. ठोका लांबून येत होता. कान सरकवत सरकवत ती पलीकडं गेली, आणि उजव्या बरगडीपाशी तो स्पष्ट ऐकू आला.

मग तिनं त्याचा सदरा वर केला.

त्यांची ओळखच त्या व्रणामुळं झाली होती. तो अपेंडिक्सच्या ऑपरेशनसाठी दाखल झाला होता आणि रोजची मलमपट्टी तिच्याकडं होती. तो लाजायचा, छताकडं बघायचा. कॉटच्या कुठल्या बाजूला उभं राहून ती पट्टी बदलायची, खिडकी तिच्या पाठीला असायची की तोंडासमोर, सगळं तिला आठवत होतं. व्रण उजवीकडं होता. आता तो डावीकडं होता. तसाच, तेवढाच, टोकाशी जरा वाकडा.

ती त्याला आपल्याच दवाखान्यात घेऊन गेली. छातीचा फोटो निघाला. डॉक्टर तो उजेडात धरून खूश झाले.

"सगळे अवयव आरशातल्यासारखे. जन्मजात असतं हे, फार क्वचित बघायला मिळतं. धोका काही नाही."

"पण सर, अपेंडिक्सचा व्रण उजवीकडं होता."

"ह्यांचं अपेंडिक्स डावीकडंच असणार. व्रणही डावीकडंच असणार. बरोबर आहे की." मग हसून म्हणाले, "सिस्टर, एवढी वर्षं संसार करून तुमच्या लक्षात आलं नाही?"

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी येऊन तिनं मोबाइलमधले फोटो उलटेसुलटे करून बघितले. पण सेल्फीत डावं-उजवं कधी बदलतं, कधी नाही. ज्यात तिला तो आपला वाटला, त्यात ती स्वतःच अनोळखी दिसत होती.

आणि तो वाईट वागत होता असंही नव्हतं. आधीचा रत्नदीप तापट होता. मीठ कमी पडलं तरी ताट सरकवायचा, मग तासाभरानं स्वतःच उठून चहा करायचा आणि तिच्यासमोर ठेवायचा. हा ताट सरकवत नव्हता. जे वाढलं ते खायचा, आणि जपून वावरायचा. परक्याच्या घरी वावरावं तसं.

४

सुट्टीच्या एका दिवशी मीनाबाई मागच्या वस्तीतल्या विहारात गेल्या होत्या, तो दुकानात होता. प्रतिक्षा खाटेवर पडली होती. पाठ भिंतीकडं.

पलीकडं कुणीतरी घसा खाकरला.

तो खाकरा तिला गर्दीतही ओळखू आला असता. शेवटी किंचित शीळ वाजल्यासारखा. नव्या रत्नदीपचा खाकराही तसाच होता, तरी तिला फरक कळायचा. काय फरक ते सांगता आलं नसतं.

"माझा निळा सदरा कुठाय?" भिंतीपलीकडून आवाज आला.

ती उठून बसली. तोंडातून सवयीनं उत्तर निघणार होतं, की दोरीवर आहे. तेवढ्यात पलीकडं उत्तर आलंच.

"दोरीवर हाय की."

बाईचा आवाज. प्रतिक्षानं दवाखान्यात एकदा स्वतःचा आवाज फोनवर रेकॉर्ड झालेला ऐकला होता आणि तिला तो आवडला नव्हता. हा तोच होता.

भांडी वाजली. ताट मांडल्याचा आवाज झाला. मग रत्नदीपचा आवाज आला, अगदी हळू, जणू त्याला स्वतःलाच ऐकू जायला नको होतं.

"तू डाव्या हातानं कधीपासून वाढायला लागलीस?"

प्रतिक्षा किल्ली घेऊन अनवाणीच धावली. कुलूप निघता निघेना. आत खोल्या रिकाम्या होत्या. जमिनीवर धूळ, धुळीत खरेदीदारांच्या चपलांचे ठसे, न्हाणीत पाल. स्वयंपाकघरात ओट्याच्या वर जुन्या कॅलेंडरचा खिळा आणि त्याच्याखाली भिंतीवर तेलकट डाग. कुणी नाही. ती मधल्या भिंतीपाशी आली, हाक मारणार, तोच तिला ऐकू आलं. आवाज आता भिंतीच्या त्या अंगाला होते. म्हणजे तिच्या स्वतःच्या घरात.

"सांग ना," तो म्हणत होता. "कधीपासून?"

ती परत धावली. घरात येऊन उभी राहिली. खाटेवर तिच्या पाठीचा खोलगट ठसा तसाच होता. आवाज पुन्हा पलीकडं गेला होता.

ती जिथं जाईल, त्याच्या पलीकडच्या बाजूला तो होता.

५

मीनाबाईंना तिनं दुसऱ्या दिवशी सांगितलं. मेथी निवडत दोघी ओसरीवर बसल्या होत्या. समोरच्या घरात माग चालू होते, त्यामुळं हळू बोललं तरी चालत होतं.

"आई, ते आपले नाहीत."

मीनाबाईंची बोटं थांबली नाहीत. देठ एकीकडं, पानं एकीकडं.

"मला येडं समजू नका. पण ते—"

"मी आई हाय त्याची," मीनाबाई म्हणाल्या. "मला कळत नसंल व्हय? त्या दिवशी भितीवर आपाटला, मी हासले. आन् हासता हासताच कळलं मला."

प्रतिक्षाला वाटलं होतं, सासूबाई आपल्याला वेड्यात काढतील. तिनं त्याची तयारी केली होती. ह्याची केली नव्हती.

"मग तुमी गप्प का बसलाय?"

"मग काय करू? हाकलून दिऊ? कुटं जाईल ते?" मीनाबाईंनी पहिल्यांदा वर बघितलं. त्यांचे डोळे कोरडे होते. "मला आई म्हणतंय. गुडघ्याला तेल लावून देतंय. तेला बी कुणीतरी आई आसंल की तिकडं."

"आणि आपले? आपले तिकडं हायत, त्यांचं काय?"

मीनाबाईंनी निवडलेली मेथी गोळा केली आणि उठायचा प्रयत्न केला. प्रतिक्षानं सवयीनं हात दिला.

"व्यवहार लवकर उरकू दे," त्या म्हणाल्या. "मला ऐकू येत न्हाय आताशा काय. देवाची किरपा म्हन की."

६

कुमार आठवड्याभरात कागद करणार होते. पूर्ण घर पाडून तिथं गोदाम बांधायचं त्यांनी ठरवलं होतं. प्रतिक्षाला व्यवहार थांबवायचा एकच मार्ग दिसत होता. तिनं अक्कलकोटला सुंदरम्माला फोन लावला. मुलाशी नको, तुमच्याशीच बोलायचंय म्हणाली.

"अम्मा, तुमचा भाग एवढ्यात नका विकू. थोडे दिवस थांबा."

फोनमध्ये टीव्हीचा आवाज येत होता. मग तो बंद झाला.

"कुणाचा आवाज येतोय गं तुला?" सुंदरम्मानं विचारलं.

प्रतिक्षानं मधल्या भिंतीकडं बघितलं.

"मगळे," सुंदरम्मा म्हणाली. कानडीत मुलीला हाक मारतात तशी तिची हाक. "आमचे हे गेले तेव्हा मी रडली नाही. गल्लीतले सगळे नावं ठेवले मला. म्हणाले, म्हातारीला काळीज नाही. आता जो गेला तो माझा नव्हता, तर मी कुणासाठी रडू? माझा भिंतीतच बोलत होता, बघ. बाराव्याच्या दिवशीपण बोलत होता. पाटावर बसून गव्हाची गोड हुग्गी मागत होता."

"मग तुमी काय केलं?"

"काय करणार? जवळ बसले. ऐकले. पुढं त्याचं बोलणं कमी झालं. तिकडची जी होती, तिच्याशी जुळलं त्याचं." तिनं श्वास घेतला. "तेवढं मात्र ऐकवलं नाही मला. म्हणून आले इकडं. पाडू दे ते घर. हितं मुलाच्या घरातपण भिंत दिसली की कान लावते मी. सून हसते."

फोन ठेवल्यावर प्रतिक्षा कितीतरी वेळ मधल्या भिंतीला कान लावून बसली. पलीकडं कुणीतरी नुसतं इकडून तिकडं चालत होतं. ती पावलं तिच्या ओळखीची होती.

"काय म्हणतोय तो?"

ती दचकून वळली. दारात तो उभा होता. दुकानातून आलेला, हातात जेवणाचा डबा. त्यानं डबा खाली ठेवला आणि तिच्यापासून लांब, खाटेच्या दुसऱ्या टोकाला बसला.

"चालतोय," ती म्हणाली. खोटं बोलायचं त्राण तिच्यात उरलं नव्हतं. "तुमाला ऐकू येतं?"

"मला ती ऐकू येते. तो नाही."

बाहेर कुणीतरी तेलुगूत पोराला हाका मारत होतं. उन्हाची तिरीप भिंतीवर पडली होती, त्यात दगडांमधले चुन्याचे सांधे पांढरे दिसत होते.

"मी काही केलं नाही," तो म्हणाला. "लोकांना घर दाखवलं, खिडक्या लावल्या, कुलूप घातलं आणि घरी आलो. एवढंच. पाणी मागायच्या आधी वळलो आणि भिंतीवर आपटलो."

"मग तेव्हाच सांगायचं नाही का?"

"कुणाला सांगणार? तुम्हाला?" तो कसनुसा हसला. "तुम्हाला तर मी ओळखत नव्हतो."

त्यानं सांगितलं की किल्ली घेऊन तोही रोज पलीकडं जातो. न्हाणीत उभा राहतो, खिडक्या लावतो, उघडतो, परत कुलूप घालून घरी येतो. दर वेळी इथंच येतो. इथली अक्षरं त्याला उलटी दिसतात. पहिलीतल्या पोरासारखा तो पुन्हा वाचायला शिकतोय. मोटरीची तार भरताना दर फेऱ्याला मनात म्हणावं लागतं, इकडं नाही, तिकडं.

"ती कशी आहे?" प्रतिक्षानं विचारलं.

तो तिच्या चेहऱ्याकडं बघत राहिला, आणि त्या बघण्यात एवढी माया होती की तिनं मान वळवली. ती माया तिच्यासाठी नव्हती.

"जरा फटकळ आहे," तो म्हणाला. "तुमच्यासारखीच."

त्या दिवसापासून दोघांनी एकमेकांपासून लपवायचं सोडून दिलं. दुपारी वेळ मिळाला की दोघं भिंतीपाशी बसायची. ती त्याचं ऐकायची, तो तिचं. मधूनच एकमेकांना सांगायची. "ती रडतीय." "तो जेवला नाही आज." एकदा दोघांनी मिळून हातोडा आणला आणि एक दगड सैल केला. दगडामागं माती होती. मातीमागं दुसरा दगड. तोही काढला, तर पलीकडची रिकामी खोली दिसली, धूळ आणि चपलांचे ठसे. आवाज थांबले होते. घाबरून त्यांनी दगड परत बसवले, आणि पलीकडं कुणीतरी खाकरलं तेव्हा दोघांनाही हायसं वाटलं.

पण दिवसेंदिवस आवाज कमी होत चालला. भांडणं आधी थांबली. मग विचारणं थांबलं. एका दुपारी प्रतिक्षानं ऐकलं, पलीकडं कपबशी ठेवल्याचा आवाज झाला आणि तो म्हणाला, "घे. साखर कमी घातलीय."

ती भिंतीपासून उठली, न्हाणीत गेली आणि नळ सोडून उभी राहिली.

७

कागद झाले. सामान नव्या फ्लॅटवर गेलं होतं. मीनाबाई तिकडंच थांबल्या. पाडायच्या दिवशी प्रतिक्षानं रजा घेतली, त्यानं दुकान बंद ठेवलं. आपण तिथं असायला पाहिजे, एवढंच तो म्हणाला.

जेसीबी सकाळीच आला. समोरच्या घरातल्या अक्कम्मानं दारं-खिडक्या लावून घेतल्या, पोरं लांब उभी राहिली. मशिननं सुरुवात सुंदरम्माच्या बाजूनं केली. ओसरी गेली, स्वयंपाकघर गेलं, न्हाणी गेली. छपराचे पत्रे खाली येऊन पडले. दुपार व्हायच्या आत पलीकडच्या भागात दगडांचा ढीग आणि वर उघडं आभाळ राहिलं. मधली भिंत उभी होती. तिच्या अलीकडं प्रतिक्षाच्या घराच्या रिकाम्या खोल्या होत्या.

ती आत शिरली. कुमारांचा माणूस ओरडला, "ताई, बाहेर थांबा!" नवा रत्नदीप तिच्या मागोमाग आला. खाट नेली होती तिथं फरशीवर चार पायांचे डाग होते. दोघं भिंतीसमोर उभी राहिली. भिंत गरम होती. मशिनच्या आवाजानं पलीकडचं काही ऐकू येत नव्हतं.

मशिनचा पंजा पलीकडून भिंतीच्या वरच्या अंगाला लागला. दगड हलले. चुना गळला. मग तिच्या डोळ्यांच्या उंचीवरचा एक तुकडा निसटून पडला, आणि भिंतीला डोक्याएवढं भोक पडलं.

त्या भोकातून आभाळ दिसायला हवं होतं. जेसीबीचा पिवळा दांडा दिसायला हवा होता.

तिला खोली दिसली. ट्यूबलाइट लावलेली, कारण तिथं बहुतेक संध्याकाळ होती. खाट भिंतीला लागून, तिच्यावर तिची फुलाफुलांची चादर, फुलं उलट्या दिशेला वळलेली. खाली पाटावर तो पाठमोरा बसला होता. निळा सदरा. मानेवरचे केस वाढले होते. ती असती तर तिनं कापून घ्यायला लावले असते. समोर ताट होतं. त्याच्यापुढं वाकून एक बाई भात वाढत होती, आणि तिचं तोंड पदराआड होतं.

प्रतिक्षाला हाक मारायची होती. नाव तोंडात येईना. नावानं तिनं त्याला कधी हाक मारलीच नव्हती.

"अहो!" ती ओरडली.

"काय?" तिच्या शेजारून आवाज आला.

आणि तिकडं, त्या खोलीत, घास घेता घेता तो थांबला. त्यानं ऐकलं होतं. मान वर करून त्यानं समोरच्या बाईकडं बघितलं. "काय गं?" असं त्याचे ओठ हलले असावेत, प्रतिक्षाला ते दिसले नाहीत. बाईनं नाही म्हणून मान हलवली आणि त्याच्या ताटात आणखी थोडा भात वाढला. तो पुन्हा जेवू लागला.

कुणीतरी प्रतिक्षाला दंडाला धरून बाहेर ओढलं. भिंत आतल्या बाजूला कलली आणि खाली आली. धुरळा बसेपर्यंत काही दिसलं नाही. बसला तेव्हा दगडांच्या ढिगापलीकडं रस्ता होता, रस्त्यावर उभी राहिलेली पोरं होती, आणि कुणाची तरी शेळी दगडांवर चढून पत्र्याखालचं गवत ओढत होती.

तिला ओढून आणणारा तोच होता. त्याच्या भुवया, पापण्या पांढऱ्या झाल्या होत्या. तो तिच्याहून बुटका; भोकातून त्याला काही दिसलं नव्हतं.

"दिसली?" त्यानं विचारलं. "ती दिसली का?"

"हो."

"कशी होती?"

त्या बाईचा चेहरा प्रतिक्षानं बघितला नव्हता. फक्त वाढणारा हात बघितला होता, आणि तो हात घाईत नव्हता.

"बरी होती," ती म्हणाली. "जेवायला वाढत होती."

तो मान हलवत राहिला. ऐकलं, समजलं, असं. मग बाजूला वळून त्यानं तोंड पुसलं. धुरळा पुसतोय की काय ते तिनं बघितलं नाही.

कुमारांच्या माणसानं त्यांच्यासाठी रिक्षा थांबवली होती. दोघं बसली. मध्ये एक माणूस मावेल एवढी जागा राहिली. रिक्षावाल्यानं इंजिन चालू केलं आणि आरशातून मागं बघितलं.

"कां जाना, भाभी?"

प्रतिक्षा शेजारी बसलेल्या त्याच्याकडं बघत राहिली, की हे सांगतील. तोही तिच्याकडंच बघत होता.